सत्ताविसावा नग

मुरबे, २४ जून

सुज्या,

धाकट्या भावाला लिहिताना वर 'चि.' लिहायची रीत मला ठाऊक हाय. लिहीत नाय.

तुझं पार्सल काल पोचलं. पोस्टमन ओट्यावर आदळून म्हणतो, "जानूकाका, आत काय नांगर भरलाय काय?" मी म्हटलं, नांगर नाय, माझी बावीस वर्षं हायत. त्याला काय कळणार? त्यानं सही घेतली आणि गेला.

सव्वीस नग, आपल्या गुझी मोटारसायकलला मी बसवलेले आणि तू काढलेले. एकेक पेपरात गुंडाळलेला, दोऱ्यानं बांधलेला, वर तुझ्या सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली. मारुती व्हॅनचा अल्टरनेटर. बोटीच्या इंजिनाचा ऑइल फिल्टर, त्याच्या पट्टीसकट. बुलेटचे दोन कार्बुरेटर. क्लचच्या प्लेटी, ज्यांना मी ट्रॅक्टरचं लायनिंग चिकटवलं होतं. आईच्या नावाच्या आपल्या 'नर्मदा' होडीचा पंखा खडकावर फुटला, तेव्हा त्याच्या पितळातून मी कातलेली बुशं. सगळं धुऊन, पुसून, तेल लावून. मेलेल्या माणसाचे कपडे परत पाठवावे तसं.

आणि सोबत पत्र नाय. एक ओळ नाय. भांडायला सुद्धा काय ठेवलं नायस.

तुझ्या पोरानं, रूपेशनं, मंजुळावहिनीच्या मोबाइलवर फोटो टाकला होता, तो मी बघितलाय. नाशिकला जुन्या गाड्यांचा मेळावा, आपली गुझी लाल कापडावर उभी, पुढं पाटी: '१९७२, इटली, संपूर्ण मूळ स्वरूपात.' बाजूला तू, पांढरा शर्ट घालून. मूळ स्वरूपात! अरे, बोईसरच्या भंगारवाल्याकडं वकिलातीच्या लिलावातली ती गाडी आपण बघितली तेव्हा तिच्या मूळ स्वरूपात उंदीर राहत होते. तू सगळ्यांत आधी खाली वाकून ओरडलास, "दादा, हिला चेन नाय! बोटीसारखा शाफ्ट हाय!" इंजिन चालू केलं आणि मूठ पिळली तशी ती उजवीकडं कलली, होडी लाटेवर कलते तशी, आणि तू घाबरून मागं सरलास. अजून कलते का रे? का ते पण काढलंस?

त्या इटलीवाल्यांनी गाडी बनवली तेव्हा त्यांना आपली खाडी ठाऊक होती? खारा वारा ठाऊक होता? त्यांचा डायनामो इथल्या एका पावसाळ्यात हिरवा पडला. तेलाला फिल्टर नाय, नुसती जाळी. मी सुधारलं ते सगळं. मी! ते तू काढलंस आणि त्यांचा डायनामो परत बसवलास. संध्याकाळी दिवा लाव आणि बघ, देवघरातली समई बरी.

आणि माझं काम परत पाठवणारा तू कोण? सात वर्षांपूर्वी मी आणि मंजुळा वणीच्या देवीहून येत होतो. मोखाड्याच्या पुढच्या उतारावर मागचा ब्रेक दाबला तर लागलाच नाय. गाडी चरात गेली, तिचं ते दोन्ही बाजूंना बाहेर आलेलं इंजिन मंजुळाच्या गुडघ्यावर. ब्रेकचे शू दोन दिवस आधी कोणी बसवले होते? तेल अडवणारं चाकाचं सील कोणी बसवलं होतं? चाक उघडलं तर आत तेलच तेल. मी हॉस्पिटलच्या दारात सगळ्यांसमोर म्हटलं, सुज्यानं सील उलटं बसवलं. तू एकदाच बोललास, "दादा, सील बरोबर हाय." मग गप.

फोन करणार नाय. तुझ्याशी बोलणार नाय असं त्या दारात बोललो, ते बोललो. लिहिणार नाय असं बोललो नव्हतो.

जानू तामोरे
मिस्त्री

•

मुरबे, ९ जुलै

सुज्या,

पंधरा दिवस झाले, उत्तर नाय. मोठा साहेब झालास.

इथं मासेमारी बंदीचे दिवस, सगळ्या बोटी वर ओढलेल्या. आठ इंजिनं माझ्या अंगावर हायत आणि माणसं सकाळपासून ओट्यावर बसतात. जिवल्या नाखवा तर चहा प्यायलाच येतो आणि वर म्हणतो, "मिस्त्री, यंदा हात हळू चालतोय तुमचा." मी म्हटलं, तुझी जीभ जोरात चालते ना, बास.

काल सालवडहून प्रदीप आला. तुझा शेजारी लेथवाला. म्हणे तुझी नाशिकची कंपनी बंद पडली. म्हणे तुला त्याची शेड परत पायजे, जिथं तुझं गॅरेज होतं. मला हे प्रदीपकडून कळतंय! सख्ख्या भावाला नाय, लेथवाल्याला फोन.

प्रदीप भला माणूस, स्पष्ट बोलला. "मिस्त्री, शेड रिकामी हाय. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतो, मग एक केमिकलवाला गोडाऊनसाठी मागतोय. पण सुजीत आला तर लोक गाड्या देतील काय? भावजयीला लंगडी केली म्हणून रस्त्यावरचं सगळं गिऱ्हाईक त्याला सोडून गेलं होतं. तुमी एक शब्द टाकलात तर येतील. तुमचा शब्द चालतो."

मी काय बोललो ऐकायचंय? मी म्हटलं, "ब्रेक सोडून काय पण दे त्याला. पंक्चर काढू दे."

बोललो. तोंडातून गेलं. प्रदीप मान हलवून गेला, चहा पण अर्धा ठेवला.

आता तुला वाटेल दादा खूश झाला असेल. घोडं खूश! रात्रभर ओट्यावर येरझाऱ्या घातल्या. मंजुळा म्हणाली, "कोलंबी बाधली." मी म्हटलं, हो, कोलंबी.

पार्सल ओट्याखाली ठेवलंय. मंजुळाला सांगितलं, जुने पार्ट हायत. ती वाकून बघू शकत नाय, तिला वाकताच येत नाय, ते तुला ठाऊक हाय. गुडघा दुमडत नाय म्हणून ती आता मासळी बसून नाय, स्टुलावरून विकते. बायका तिला 'कलेक्टरीणबाई' म्हणतात. ती हसते. मी नाय हसत.

एक विचारतो, त्याचं तरी उत्तर दे. मागच्या चाकाजवळचा तो तेलाचा डबा, जिथं शाफ्ट संपतो, तो तू आता उघडलास तेव्हा सील कसं होतं? तेच होतं, सात वर्षांपूर्वीचं? का बदललं होतंस? तेच असेल आणि आता गळत नसेल, तर का गळत नाय?

नको सांगू. मी पण काय विचारतोय.

जानू तामोरे
मिस्त्री

•

मुरबे, २३ जुलै

सुज्या,

आज मी प्रदीपच्या लेथवर गेलो होतो. कशाला, ते आधी सांगतो, मग शिव्या दे.

एका बोटीच्या विंचचा छोटा गिअरबॉक्स माझ्याकडं पडून होता. त्याला वर वाफ जायला एक भोक हाय, तुझ्या गाडीच्या मागच्या डब्याला होतं तसं. नवीन सील घातलं, बरोबर दिशेनं, दोनदा बघून. तेल भरलं. लेथला जोडून दीड तास फिरवलं, भोक उघडं ठेवून. सील कोरडं. हात लावून बघितलं, कोरडंठाक.

मग भोक बुजवलं. तसंच फिरवलं. डबा तापला. पाऊण तासानं सीलच्या ओठावर घाम आल्यासारखं तेल आलं. मग थेंब. मग धार.

प्रदीप म्हणाला, "मिस्त्री, हे काय चाललंय?"
मी म्हटलं, "विंचचं काम हाय."
"मग तोंड का असं झालंय?"
मी म्हटलं, "तुझा लेथ आवाज करतो, डोकं दुखलं." त्याचा लेथ लोण्यासारखा चालतो.

आता ऐक. तू पार्सलावर 'एकूण नग २७' लिहिलं होतंस. मी तुला सव्वीस लिहिले. मला मोजता येतं. सत्ताविसावा नग सगळ्यांत लहान होता, पेपरात नाय, वहीच्या कोऱ्या कागदात गुंडाळलेला. पितळेचं बूच. बोटाच्या पेराएवढं, वर सहा कोन, खाली बारीक आटे. नर्मदाच्या पंख्याच्या पितळाचं. माझ्या हातचं. त्याच्यावर मात्र तू चिठ्ठी चिकटवली नव्हतीस.

बघितल्या क्षणी कळलं मला. पहिल्या दिवशी, पहिल्या मिनिटाला. आणि तरी मी तुला ती दोन पत्रं लिहिली. आणि प्रदीपला ते बोललो. समजलं? माहीत असून बोललो.

वणीला जायच्या आदल्या संध्याकाळी मी ते बसवलं. शू तू बसवून गेला होतास. मी चाक फिरवून बघत होतो, तर डब्याच्या वर ते बारीक भोक दिसलं. आपला बापूस काय सांगायचा? पाण्यावरचं भोक ठेवायचं, पाण्याखालचं बुजवायचं. बोटीला पाण्याखाली एक भोक म्हणजे मरण. मी मनात म्हटलं, ओढ्यातून जायचं असेल तर हा डबा पाण्याखाली जाणार, पाणी आत शिरेल. इटलीवाले विसरले. मी सुधारतो. दहा मिनिटांचं काम. इंजिनाच्या खोलीतला गिअरबॉक्स असता तर त्याचं भोक मी कधी बुजवलं नसतं. पण हा डबा चाकाजवळ, खाली, पाण्याच्या रेषेत होता, आणि माझ्या डोक्यात बोट होती. मला सगळीकडं बोटच दिसते.

बोईसरला, वाणगावला गेलो असतो तर आयुष्यात कळलं नसतं. एवढ्यात डबा तापतो कुठं? वणी म्हणजे सहा तास. आत कोंडलेली वाफ जाणार कुठं? तिनं सीलमधून तेल ढकललं आणि तेल गेलं तुझ्या शूंवर. तुझ्या चांगल्या, नीट बसवलेल्या शूंवर.

सील बरोबर होतं. तू बोललास ते खरं होतं.

तुला हे आता, गाडी मूळ स्वरूपात आणताना, पुस्तकात ते भोक बघून कळलं असणार. सात वर्षं तू पण स्वतःलाच दोष देत बसला असशील. आणि कळल्यावर तू काय केलंस? बूच कागदात गुंडाळून पाठवलंस, बास. अरे, फोन करून आई-बहिणीवरून शिव्या दिल्या असत्यास तर मी पण दिल्या असत्या, आणि संपलं असतं! तुझ्या या गप्प बसण्याचाच मला सगळ्यांत जास्त राग येतो. लहानपणापासून असाच. मार खाल्लास तरी आवाज नाय.

दादा चुकला. झालं समाधान? चुकला!

पण हे तुझ्यामाझ्यात राहू दे. मी बासष्ट वर्षांचा हाय. आठ बोटी माझ्या हातावर भरवसा ठेवून आत जातात. मिस्त्रीनं भोक बुजवलं आणि सात वर्षं भावाच्या नावानं बोंब मारली, हे बाहेर गेलं तर उद्या माझ्याकडं कोण इंजिन टाकेल? प्रदीपला मी सांगेन, सुज्याला शेड दे, जुनं जाऊ दे. एवढं करतो. मंजुळाला नाय सांगणार. तिला कशाला त्रास.

जानू

•

मुरबे, नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

चि. सुजीत,

लिहिलंय 'चि.'. खोडायचं तर खोड.

हे पत्र पोस्टानं येणार नाय. माझी तिन्ही पत्रं परत आली. वर शिक्का: घेण्यास नकार. पहिली दोन आली तेव्हा मी घरी होतो, लपवली. तिसरं आलं त्या दिवशी मी जिवल्याच्या बोटीखाली आडवा होतो आणि पोस्टमननं ते मंजुळाच्या हातात दिलं.

संध्याकाळी आलो तर ती स्टुलावर बसलेली, पत्र मांडीवर, फोडलेलं नाय. म्हणाली, "बसा. वाचून दाखवा."

मी म्हटलं, तुला वाचता येतं.

"मला येतं. पन तुमच्या तोंडून आयकायचं हाय. भावजींना काय लिवलंत तुमी, जे त्यांना हातात घ्यायची पन इच्छा नाय?"

मला मधलं गाळता आलं असतं. तिला काय कळलं असतं? मी सगळं वाचलं. लेथ, बूच, बापूस, सगळं. 'तिला कशाला त्रास' इथपर्यंत वाचलं. तिथं मी कागद मिटायला लागलो तर ती म्हणाली, "वाचा, थांबू नका. सही पन वाचा."

मग ती जे बोलली ते तसंच लिहितो. "माजा गुडगा तुमी मोडलात, ते एक. ते देवानं केलं म्हनून मी सोडून देईन. पन सात वर्सं माज्या गुडग्याच्या आड लपून तुमी भावजींना मारलंत. त्यांच्या घरी लग्न झालं, मी गेले नाय. त्यांची पोरगी हेमांगी बाळंत झाली, मी डिंकाचे लाडू केले नाय. माज्या गुडग्याच्या नावानं मी माजंच मानूस तोडलं. तो गुडगा माजा होता. तुमाला कोनी दिला वापरायला?"

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाय. भाकरी वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, बास. आता मला कळतं तू गप्प बसतोस तेव्हा समोरच्याचं काय होतं. तुमी दोघांनी मिळून मला घेरलंय.

मग काल पौर्णिमा. बोटी रंगवलेल्या, पताका लावलेल्या, सगळं गाव नारळ घेऊन खाडीवर. बेंजो जोरात. नारळ सोडायच्या आधी मी बेंजोवाल्याचा माईक घेतला. पोरांना वाटलं म्हातारा गाणं म्हणतो, शिट्ट्या मारल्या. मी खिशातून बूच काढून वर धरलं. एवढंसं पितळ, कोणाला दिसणार? पण धरलं.

मी म्हटलं, "सात वर्षांपूर्वी माझ्या बायकोचा गुडघा गेला, तो माझ्या भावाच्या ब्रेकनं नाय. हे बूच मी बसवलं होतं, त्यानं गेला. सुजीतचं काम बरोबर होतं. माझं चुकलं. हे मला जूनपासून ठाऊक हाय आणि तरी मी प्रदीपजवळ खोटं बोललो. प्रदीप समोर उभा हाय, विचारा त्याला."

मग मागून एक मोठा माणूस, नाव लिहीत नाय, बोलला, "जाऊ दे रे जानू, जुनं झालं ते. नारळ सोड."

सुज्या, माझ्या डोक्यात असा जाळ झाला! मी माईकमध्येच ओरडलो, "जुनं झालं? माझ्या भावाचं सात वर्षं जुनं झालं नाय, त्याला गॅरेज बंद करून जावं लागलं. आणि माझं एका मिनिटात जुनं झालं? हा कुठला न्याय रे? त्याला बोललात तेवढं मला बोला! बोला ना! त्याच्याकडून गाड्या काढून नेल्यात तशी माझ्याकडून इंजिनं न्या!"

जिवल्या म्हणाला, "मिस्त्री, मग आमच्या बोटीत पन असं काय बुजवलं नाय ना?" दोघं-तिघं हसले. मी म्हटलं, "उद्या ये. सगळं तुझ्यासमोर उघडतो." आज सकाळी तो आला. चार तास बसून एकेक भोक बघून गेला. दुसरे दोन नाखवे आलेच नायत, त्यांनी इंजिनं सातपाटीला नेली. नेऊ दे. मीच सांगितलं होतं न्या म्हणून. तरी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ओट्यावर दोन मोकळ्या जागा दिसतात, तेलाचे डाग तेवढे राहिलेत.

काल मी नारळ सोडला नाय. मंजुळानं सोडला, माझ्या हातातून घेऊन, लंगडत पाण्यापर्यंत जाऊन. परत आली आणि सात दिवसांत पहिला शब्द बोलली. म्हणाली, "पार्सल भरा."

प्रदीप उद्या कामासाठी नाशिकला येतोय, त्याच्या टेम्पोत देतोय. तिन्ही पत्रं आत हायत, दोन बंद, एक फोडलेलं. वाच, नायतर चुलीत घाल. पण प्रदीपला दारातून परत पाठवू नको, तो आपल्या भांडणात उगाच भरडला जातोय. तुला सांगायला त्याच्याकडं आणखी काय काय हाय, ते तोच सांगेल. गोडाऊनवाल्याला त्यानं काल खाडीवरूनच फोन करून नाय म्हणून सांगितलं.

प्रदीपनं दिलेली शेडची चावी पार्सलात हाय, त्या वहीच्या कोऱ्या कागदात गुंडाळलेली. यायचं तर ये. नाय आलास तर चावी प्रदीपला दे, माझ्याकडं पाठवू नको. आलास तर माझ्या घरी यायची सक्ती नाय. मंजुळाकडं ये. तिनं आजच डिंक आणायला सांगितलाय. बाळंतपणाला किती वर्षं झाली, आता लाडू कोण खाणार, असं मी म्हटलं तर माझ्याकडं असं बघितलं की मी पिशवी घेऊन निघालो.

आणि तो डायनामो काढ. माफी मागितली म्हणून मी मूर्ख झालो नाय. पाटीवर 'मूळ स्वरूपात' लिहून फोटो काढून झाला ना? आता त्या गाडीला खाडीकाठी राहायचंय. अल्टरनेटर बसव, फिल्टर बसव, बुलेटचे कार्बुरेटर बसव. ते माझं काम बरोबर होतं, आणि ते बरोबर होतं असं मी मरेपर्यंत भांडीन. डब्याचं भोक तेवढं उघडं ठेव.

पार्सलावर तुझा सत्तावीसचा आकडा होता, तो मी खोडलाय. सव्वीस नग हायत. मोजून घे.

बूच पाठवत नाय. ते माझं हाय.

तुझा दादा